बाळाच्या अंगावरचा लाल डाग: वाट कधी पाहायची आणि कधी नाही

प्रश्न: माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. चौतिसाव्या आठवड्यातच झाली, जन्मवजन १.९ किलो. जन्मली तेव्हा वरच्या ओठावर उजवीकडे एक फिकट डाग होता. खरचटलं असेल, असं तेव्हा सगळे म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात तो लाल झाला आणि आता मसुराच्या डाळीहून मोठा, चांगला वर आलेला आहे. मानेवर केसांखाली गुलाबी चट्टा आहे, कुल्ल्यांवर निळसर डाग आहेत. आमचे डॉक्टर म्हणाले, आपोआप जाईल, पाच-सात वर्षं थांबा. सासूबाई म्हणतात, ग्रहणात भाजी चिरलीस त्याचं हे फळ. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला जन्मापासून चेहऱ्याच्या एका बाजूला कपाळापासून गालापर्यंत लाल डाग आहे. तो आता तीन वर्षांचा झाला, डाग काही गेला नाही. हिचंही तसंच होईल का? लेझर करून घेऊ का?

उत्तर: ताई, सविस्तर सांगतेच, पण आधी निकडीचं. मुलीच्या ओठावरचा डाग याच आठवड्यात बालत्वचारोगाचं काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. तसे कोणी जवळ नसतील तर मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग किंवा बालरोग विभागात जा. पुढच्या लसीपर्यंत थांबू नका. मानेवरच्या आणि कुल्ल्यांवरच्या डागांची काळजी सोडून द्या. मावसबहिणीच्या मुलाचा डाग वेगळ्या जातीचा वाटतो, त्याच्यावरून तुमच्या मुलीचं काही ठरवू नका. मात्र त्याच्या डोळ्यांचा दाब तपासला आहे का, हे तिला आजच फोन करून विचारा.

आता एकेक घेऊ.

रक्तवाहिन्यांच्या जन्मखुणा मुळात दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी खरोखर वाढतात, त्यांची संख्या वाढते, गाठ तयार होते. दुसरीत काहीही ‘वाढत’ नसतं. पोटात घडतानाच त्या वाहिन्या रुंद किंवा वेड्यावाकड्या घडलेल्या असतात आणि बाळ मोठं होईल त्या प्रमाणात डागही मोठा होतो. ही विभागणी १९८२ साली बोस्टनच्या जॉन मलिकन आणि ज्युली ग्लोवाकी यांनी मांडली. त्याआधी लाल दिसेल त्या सगळ्याला सरसकट ‘हिमँजिओमा’ म्हणत. ती सवय अजून गेलेली नाही. आजही माझ्याकडे येणाऱ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टांवर भलत्याच गोष्टीला ‘कॅव्हर्नस हिमँजिओमा’ लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दावरून कुणाला नको ते औषध सुरू होतं, तर कुणाचं हवं ते राहून जातं.

म्हणून बाळ समोर आलं की डाग किती लाल आहे हे मी नंतर बघते. आधी आईला विचारते: जन्मली त्या दिवशी काय होतं? कधी बदलायला लागलं? गेल्या आठवड्यात आणि आज काय फरक आहे? बहुतेक वेळा निदान या उत्तरांतच मिळतं. तुम्हीही ते न विचारता दिलंय. जन्मतः फिकट खूण, तिसऱ्या आठवड्यात लाली, सातव्या आठवड्यात उंचवटा. त्यात मुलगी, अपुऱ्या दिवसांची, वजनाने कमी. हे वर्णन इन्फंटाइल हिमँजिओमाचं, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या जातीतल्या, तान्ह्या बाळांत वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठीचं आहे. प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर शिक्कामोर्तब करायचं, पण बहुतेक वेळा त्याला तपासणारं बोट आणि डोळा पुरतो. सुई टोचून तुकडा काढायची गरज क्वचितच पडते. आणि गाठ म्हटलं की घरात जो शब्द कुणी उच्चारत नाही, तो हा नव्हे. हा कर्करोग नाही.

हिमँजिओमा साधारण शंभरातल्या चार-पाच बाळांना होतो. मुलींना अधिक, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अधिक, जुळ्यांनाही अधिक. त्याचा स्वभाव ठरलेला आहे. जन्मतः काही नसतं किंवा पांढुरकी, थोड्या बारीक शिरा दिसणारी जागा असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लाली येते. मग वाढ सुरू होते आणि या वाढीचा सगळ्यात वेगवान काळ पाच ते आठ आठवड्यांच्या मधला असतो. तिसरा महिना संपेपर्यंत बहुतेकांचा सुमारे ८० टक्के आकार होऊन गेलेला असतो. पाचव्या महिन्यानंतर वरवरच्या गाठीची वाढ जवळपास थांबते. त्वचेच्या खोल थरात असलेली गाठ उशिरा लक्षात येते, वरून लाल न दिसता निळसर, मऊ सूज दिसते आणि ती थोडी जास्त काळ वाढते. पहिल्या वाढदिवसाच्या आसपास रंग उतरायला लागतो, भडक लाल जाऊन मधूनमधून राखाडी झाक येते, गाठ मऊ पडते. चार वर्षांपर्यंत बहुतेकांची जी काही ओसरायची ती ओसरलेली असते.

तुमच्या डॉक्टरांचं ‘आपोआप जाईल’ यातूनच आलेलं आहे आणि ते खोटं नाही. पाठीवर, दंडावर, पोटावर एखादा लहान हिमँजिओमा असेल तर मीही औषध देत नाही. फोटो काढा, तीन आठवड्यांनी दाखवा, एवढंच सांगते. पण गाठ ओसरणं आणि त्वचा पूर्ववत होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुगून ताणलेली त्वचा गाठ गेल्यावर सैल, सुरकुतलेली राहू शकते, खाली चरबीचा लोंबता भाग उरतो, बारीक शिरा कायमच्या दिसतात, व्रण राहतो. पाठीवर हे चालून जातं. ओठावर चालत नाही. ओठाची कड, म्हणजे जिथे गुलाबी भाग संपून त्वचा सुरू होते ती रेघ, एकदा मोडली की शस्त्रक्रियेनेही तंतोतंत परत मिळत नाही. नाकाचा शेंडा, पापणी, कान, मुलींची छाती या जागांचंही असंच आहे. पापणीवरच्या गाठीत तर दिसण्यापेक्षा मोठा धोका आहे. पापणी झाकली गेली किंवा बुबुळावर दाब पडून नंबर वाकडा झाला तर मेंदू त्या डोळ्याकडून बघायला शिकतच नाही आणि नजर कायमची अधू राहते.

ओठाची दुसरी अडचण म्हणजे चिघळणं. हिमँजिओमाची ही सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत. ओठ, मानेच्या घड्या, लंगोटाची जागा, जिथे ओल आणि घर्षण आहे तिथे ती अधिक. गाठीच्या मध्यावर पांढुरका-राखाडी रंग वयाच्या तीन महिन्यांच्या आतच दिसू लागला तर ती बरी होण्याची खूण समजू नका, बहुधा ती फुटण्याआधीची असते. फुटलेली गाठ फार दुखते. ओठावर असेल तर बाळ स्तन तोंडात घेतं आणि लगेच सोडून रडतं, वजन अडतं, आणि घरात सगळे म्हणतात आईचं दूध कमी पडतंय. दूध भरपूर असतं, ओढताना ओठ दुखत असतो.

म्हणून २०१९ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत जोखमीच्या जागेवरचा हिमँजिओमा तज्ज्ञाकडे लवकर, शक्यतो महिन्याभराच्या वयातच पाठवा, असं सांगितलं. आपल्याकडे बाळ माझ्यापर्यंत येतं ते सहसा चार-पाच महिन्यांचं होऊन. तोवर वाढीचा काळ निघून गेलेला असतो आणि औषध जिथे सर्वांत जास्त उपयोगी पडलं असतं ते आठवडे हातातून गेलेले असतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या काळात बाळाला बघणारी माणसं आपल्याकडे आहेत. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. दीड महिन्याची लस अगदी या वाढीच्या काळात पडते. त्या वेळी बाळाला पूर्ण उघडं करून एकदा डोक्यापासून पायापर्यंत, लंगोट काढून पाहिलं तरी पुष्कळ साधेल.

आता उपचार. सध्याचं मुख्य औषध प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे रक्तदाबाची आणि हृदयाची जुनी गोळी. तिचा हा उपयोग कळला तो योगायोगाने. फ्रान्समधल्या बोर्दो इथे क्रिस्टीन लोते-लाब्रेझ यांच्याकडे नाकावर हिमँजिओमा असलेलं एक बाळ स्टिरॉइडवर होतं. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं, आणि दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग उतरून जांभळट झाला, ती मऊ पडली. २००८ साली त्यांनी हे छापलं. २०१५ च्या मोठ्या चाचणीत सहा महिने योग्य मात्रेत औषध घेतलेल्या बाळांपैकी ६० टक्क्यांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली, नुसतं खोटं औषध घेतलेल्यांत हे प्रमाण होतं ४ टक्के. त्याआधी आम्ही महिनोन्‌महिने स्टिरॉइड देत असू. त्याने बाळांची तोंडं सुजत, वाढ अडे, रक्तदाब चढे. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना या साध्या, स्वस्त गोळीचं मोल जास्त कळतं.

पण हे औषध घरी बसून सुरू करण्याचं नाही. बाळाच्या हृदयाची गती, श्वास आणि रक्तातली साखर या तिन्हींवर ते काम करतं. आधी छाती ऐकून घ्यावी लागते, नाडी मोजावी लागते. नाडी मंद असेल किंवा घरात कुणाला हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर ईसीजी लागतो. तुमची मुलगी सात आठवड्यांची असली तरी चौतिसाव्या आठवड्यात झाल्यामुळे दिवसांचा हिशेब धरून तिचं वय एक आठवडाच येतं. इतक्या लहान बाळाला पहिले डोस दवाखान्यात ठेवून द्यायचे असतात. दाखल व्हा म्हटलं की घाबरू नका. पहिला डोस पाजल्यावर तासाने आणि पुन्हा दोन तासांनी नर्स नाडी आणि रक्तदाब पाहते, लहान किंवा नाजूक बाळाची टाचेला टोचून साखरही बघतात. मात्रा कमीपासून सुरू करून काही दिवसांत वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत नेतात, ती दोन वेळांत विभागून, दोन डोसांत किमान नऊ तासांचं अंतर ठेवून.

घरी गेल्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे दूध आणि औषध यांची गाठ सोडायची नाही. दूध पाजता पाजता किंवा पाजल्यावर लगेच डोस. बाळ दूध ओढत नसेल, उलट्या होत असतील, जुलाब लागले असतील तर तो डोस गाळायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. गाळलेला डोस पुढच्या वेळी दुप्पट करून द्यायचा नाही. डोस देऊन झाल्यावर तोंडातून बाहेर आला तर पुन्हा द्यायचा नाही. इतक्या लहान बाळाला रात्रीही चार तासांहून जास्त उपाशी ठेवू नका, झोपलेलं असलं तरी उठवून पाजा. साखर उतरली तर बाळ घामेजतं, थंड पडतं, सुस्त होतं, कंप सुटतो, कधी झटका येतो. असं वाटलं तर जागं असेल तर लगेच पाजा आणि थेट दवाखाना गाठा. सर्दीत छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर औषध थांबवून दाखवायचं. लसी नेहमीच्या वेळापत्रकाने घ्यायच्या, त्यांना औषधाची आडकाठी नाही. फक्त लसीच्या तापात बाळ पीत नसेल तर वर सांगितलेला नियम लागू.

आणखी एक गोष्ट, जी चिठ्ठीवर लिहिलेली नसते. बाळांसाठीचं तयार द्रव औषध आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही. मेडिकलवाले १०, २० किंवा ४० मिलिग्रॅमच्या गोळ्या देतात, आणि गोळी कशी विरघळवायची, किती मिली ओढायची हे डॉक्टर सांगतात. पुढच्या वेळी पाकीट आणायला घरचं दुसरंच कुणी जातं, दुकानात १० ची नसते, ४० ची देतात, आणि घरी त्याच सवयीने डोस तयार होतो. म्हणजे चौपट औषध. म्हणून पाकिटावरचा आकडा दर वेळी स्वतः वाचा. गोळीची ताकद बदलली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस तयार करू नका. दवाखान्यात पहिल्यांदा डोस नर्ससमोर तुम्ही स्वतः बनवा, आणि सुई नसलेल्या सिरिंजवर जिथपर्यंत ओढायचं तिथे मार्करने रेघ मारून घ्या. वजन वाढेल तशी ती रेघ डॉक्टरच बदलतील.

औषध साधारण सहा महिने किंवा बाळ वर्षाचं होईपर्यंत चालतं. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरतो, म्हणून लोक दुसऱ्या महिन्यात आपणच बंद करतात आणि गाठ परत वाढते. बंद केव्हा करायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. नीट पूर्ण केलं तरी काही बाळांत थोडी वाढ परत दिसते, तेव्हा आणखी काही काळ द्यावं लागतं. हात-पाय गार लागणं, झोप थोडी मोडणं, शौच पातळ होणं हे या औषधात होतं, त्याने घाबरून जाऊ नका.

टिमोलॉल नावाचे डोळ्यांचे थेंब लहान, पातळ हिमँजिओमावर वरून लावतात, तुम्हाला कुणीतरी तेही सुचवेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या ओठावर, जिथून ते चाटलं जाणार, तिथे मी ते लावणार नाही. लेझरचं तुम्ही विचारलंय. वाढत्या गाठीवर आज लेझरची गरज नाही. गाठ ओसरल्यावर उरलेल्या बारीक शिरांसाठी त्याचा चांगला उपयोग होतो. ते पुढचं पुढे.

घरच्यांना मी हात जोडून एक सांगते: त्या जागेवर मालीश नको, डाळीचं पीठ चोळणं नको, हळद-चुना नको, धुरीचा शेक नको, काजळाचं बोट नको. बाकीच्या अंगाला तेल लावा, हलक्या हाताने अंघोळ घाला, काही बिघडत नाही. ओठावर दूध पाजण्याआधी आणि नंतर पांढऱ्या व्हॅसलिनचा पातळ थर लावा, घर्षण कमी होतं. रक्त आलंच तर स्वच्छ सुती कापडाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून पाहू नका. बहुतेक वेळा थांबतं. फुटून रक्त वाहत राहील आणि बाळ दगावेल ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते. तसं सहसा होत नाही.

काही बाळांना मात्र तज्ज्ञाकडेही तातडीने आणि जास्त तपासण्यांसाठी जावं लागतं, ते वाचणाऱ्या इतर आई-बाबांसाठी लिहिते. हनुवटी, जबडा, गळा अशा दाढीच्या भागात हिमँजिओमा पसरलेला असेल तर श्वासनलिकेतही असू शकतो. बाळाचा श्वास आवाज करत असेल, रडणं घोगरं झालं असेल, खोकला भुंकल्यासारखा येत असेल तर रात्र असली तरी निघा. चेहऱ्याच्या मोठ्या भागावर पट्ट्यासारखा पसरलेला असेल तर औषधाआधी मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि हृदय पाहावं लागतं. कंबरेखाली मणक्याच्या मधोमध असेल तर मज्जारज्जूची तपासणी लागते. अंगावर पाच किंवा जास्त छोटे हिमँजिओमा असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात, कारण आतही असू शकतात, आणि यकृतात खूप असतील तर थायरॉइड कमी पडतं. हिमँजिओमा समजून आणलेली पण दगडासारखी कडक, गडद जांभळी, झपाट्याने फुगणारी सूज आणि अंगावर सुईच्या टोकाएवढे जांभळे ठिपके, हा वेगळाच आजार असतो. त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स खाली येतात. तिथे तासांचा प्रश्न असतो.

आता तुमच्या मुलीच्या मानेवरचा गुलाबी चट्टा. त्याला सॅमन पॅच म्हणतात. अगदी वरच्या केशवाहिन्या थोड्या रुंद राहिलेल्या असतात. मानेवर केसांखाली, दोन भुवयांच्या मध्ये, वरच्या पापण्यांवर, म्हणजे बहुधा शरीराच्या मध्यरेषेवर तो दिसतो. बोटाने दाबला की फिका होतो, सोडला की परत येतो, बाळ रडलं की लालबुंद होतो आणि घरात पळापळ होते. चेहऱ्यावरचे वर्ष-दोन वर्षांत मावळतात. मानेवरचा मोठेपणीही राहू शकतो, केसांखाली कुणाला दिसत नाही, त्याचा त्रासही नाही. सावळ्या त्वचेवर तो पटकन नजरेत येत नाही, त्यामुळे आपल्याकडे तो प्रत्यक्षात वाटतो त्याहून जास्त असावा असं मला वाटतं. कुल्ल्यांवरचे निळसर डाग तर रक्तवाहिन्यांचे नाहीतच. ते रंगपेशी त्वचेच्या खोल थरात राहिल्यामुळे दिसतात, भारतीय बाळांत अगदी नेहमीचे आहेत आणि बालपणातच बहुतेक पुसट होतात. पण कुठे आहेत ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं, म्हणजे पुढे पाळणाघरात किंवा परदेशातल्या दवाखान्यात ते माराचे वळ समजले जात नाहीत. थंडीत अंघोळीनंतर बाळाच्या पायांवर जी निळसर-लाल जाळी उमटते आणि ऊब मिळाली की जाते, तीही निरुपद्रवी.

मावसबहिणीच्या मुलाकडे येते. जन्मापासून असलेला, सपाट, चेहऱ्याच्या एकाच बाजूला, तीन वर्षांत न हललेला डाग म्हणजे बहुधा पोर्ट वाइन स्टेन. हजारात साधारण तीन बाळांना असतो. ही दुसरी जात: केशवाहिन्या रुंद घडलेल्या, वाढत नाहीत आणि ओसरतही नाहीत. ‘आपोआप जाईल’ हे वाक्य इथे पूर्ण चुकीचं आहे. वयाबरोबर तो गडद होतो, मोठेपणी जाड आणि गाठीगाठींचा होऊ शकतो. आणि डाग कपाळावर, वरच्या पापणीवर असेल तर त्याच बाजूच्या डोळ्यातला दाब वाढण्याचा आणि मेंदूच्या आवरणातल्या रक्तवाहिन्याही तशाच असण्याचा संभव असतो. याला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. प्रत्येकाला होतो असं नाही, पण तपासल्याशिवाय कळत नाही. डोळ्यातून सतत पाणी, उजेड सहन न होणं, एक बुबुळ दुसऱ्याहून मोठं किंवा धुरकट दिसणं, शरीराच्या एकाच बाजूला झटके येणं, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. काही नसेल तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाब तपासून घ्यावा, आणि एकदा बरोबर आला म्हणून सोडू नये, दाब नंतरही वाढू शकतो. मेंदूच्या एमआरआयचं बालमेंदूतज्ज्ञ ठरवतील.

लेझरचा खरा प्रश्न या मुलाचा आहे. पल्स्ड डाय लेझर नावाचा विशिष्ट लेझर लागतो. त्याचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि रुंद वाहिनी आतून बंद होते. लहान वयात त्वचा पातळ असते म्हणून परिणाम चांगला. तीन वर्षं म्हणजे उशीर झाला असं समजून सोडून देऊ नका. अनेक बैठका लागतात, बहुतेकांचा डाग फिका होतो, पूर्ण पुसला जातोच असं नाही, आणि काही वर्षांनी थोडा परत गडद होतो. आपल्या त्वचेतला रंगही तोच प्रकाश शोषतो, त्यामुळे हात अनुभवी नसेल तर भाजून काळे-पांढरे डाग पडतात. केस काढायचं लेझर चालवणाऱ्या पार्लरवजा क्लिनिकमध्ये हे करून घेऊ नये. त्या मशीनने हा डाग जात नाही.

आणि ग्रहण. ताई, तुम्ही भाजी चिरली म्हणून हे झालेलं नाही. पोर्ट वाइन स्टेनच्या बहुतेक मुलांत जीएनएक्यू नावाच्या जनुकात एक बदल सापडतो, हे २०१३ साली सिद्ध झालं. तो बदल गर्भ घडताना काही मोजक्या पेशींत होतो, आई-बापाकडून येत नाही. हिमँजिओमाचं पूर्ण कारण अजून हाती लागलेलं नसलं तरी त्याच्या पेशींवर ग्लुट-१ नावाचं जे प्रथिन सापडतं ते वारेच्या रक्तवाहिन्यांवरही असतं, आणि अपुऱ्या वाढीच्या, कमी दिवसांच्या बाळांत तो जास्त दिसतो. यात सुरी कुठेच नाही. शक्य असेल तर दवाखान्यात जाताना सासूबाईंना बरोबर न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. बहुतेक आज्या खऱ्या अर्थाने नातीच्या काळजीपोटी बोलत असतात, आणि एकदा समजलं की औषधाच्या वेळा त्याच सगळ्यांत काटेकोर पाळतात. हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

जाताना डिस्चार्ज कार्ड, आजवरची वजनं आणि मोबाइलमधले पहिल्या दिवसापासूनचे फोटो घेऊन जा. बारशाचे, मावशीच्या मांडीवरचे, कुठलेही चालतील, ओठ दिसला म्हणजे झालं. आजपासून दर आठवड्याला खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी धरून एक फोटो काढा, फ्लॅश न वापरता. दवाखान्यात पोचल्यावर नंबर यायला वेळ लागेल, बाळाला मध्ये पाजायला विसरू नका. ‘प्रोप्रॅनोलॉल सुरू करायचं का, आणि कुठे दाखल करून?’ असा थेट प्रश्न विचारा. तिथेही ‘थांबून पाहू’ असं उत्तर मिळालं तर ‘ओठावर आहे, सात आठवड्यांची आहे, दर आठवड्याला वाढतंय’ ही तीन वाक्यं पुन्हा सांगा, आणि तरीही कुणी ऐकलं नाही तर दुसरीकडे दाखवा.